मोहरीएवढे दोन पार्ट

मी थापाड्या माणूस आहे, हे हुपरीत कुणीही सांगेल. माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हा लोक सेट दुरुस्त करून घ्यायला कमी आणि थापा ऐकायला जास्त येत. पुरात माझ्या दुकानातला एक ट्रान्झिस्टर पंचगंगेत वाहून गेला, डोहात अडकला, आणि पुढं आठ दिवस संध्याकाळी सातच्या बातम्यांना मासे काठाशी गोळा होत, हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता मला ते मासे आठवतात. त्यातला एक मोठा मरळ हवामानाचा अंदाज संपल्याशिवाय हलत नसे.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं थाप नाही. थाप असती तर बरं झालं असतं.

आमच्या गावात घरोघर चांदीचे पैंजण बनतात. एका पैंजणात दोनअडीचशे कड्या, आणि प्रत्येक कडीचा सांधा आचेवर झाळून जोडायचा. माझी थोरली बहीण शालन, म्हणजे आमची अक्का, चाळीस वर्षं हेच करत आली. गॅसच्या नळ्या आल्या, पण बारीक कामाला तिला फुंकणीच लागे. समोर ज्योत, ओठांत फुंकणी, गाल फुगलेले. सगळा धूर आत. डॉक्टरांनी तिच्या फुफ्फुसाचा फोटो उजेडात धरला तेव्हा मला आमच्या जुन्या घरातली चुलीमागची भिंत आठवली. दाजी, म्हणजे तिचे यजमान महादेवराव, शेजारी बसून कड्या ओवत आणि ती खोकली की तांब्या पुढं करत. त्यांचा डावा डोळा जन्मापासून अधू, पण उजव्या डोळ्यानं ते पैंजणातली एक वाकडी कडी हातभरावरून हेरत.

दोन हजार छत्तीस-सदतीस सालची गोष्ट. विजेच्या पहिल्या पिढीतल्या गाड्या तेव्हा भंगारात निघू लागल्या होत्या. त्यांच्या पुढच्या दिव्यांत निळ्या लेसरचे डायोड असत. भंगारवाले ते शेंगदाण्यासारखे मापानं विकू लागले. मुलं त्यानं लाकडावर नावं कोरत, चामड्यावर नक्षी काढत. मी एक डायोड घेऊन चांदीच्या कडीवर धरला. चांदी म्हणजे आरसाच, तिनं प्रकाश परत फेकला. पण सांध्यावर झाळीची काळसर पेस्ट लावली, तर निळा प्रकाश नेमका तिथंच मुरला, पेस्ट वितळली, सांधा जुळला. धूर नाही, ज्योत नाही, फुंकणी नाही.

डायोड स्वस्त मिळत होता. महाग होता तो त्याला सांभाळणारा ड्रायव्हर.

लेसर डायोडचा स्वभाव आधी समजून घ्या. साधा दिवा तापला की विजेला जास्त अडवतो, म्हणून तो स्वतःला सांभाळतो. डायोड उलटा. तापला की दार आणखी उघडतो, वीज आणखी आत येते, तो आणखी तापतो. म्हणून त्याला किती वीज द्यायची हे मोजून देणारं सर्किट लागतं. दुसरी अडचण म्हणजे, तापलेला डायोड तेवढ्याच विजेत कमी प्रकाश देतो. सकाळी जुळलेला सांधा दुपारी कच्चा राहणार. त्यावर उपाय म्हणजे एक पहारेकरी. लेसरच्या तोंडाशी प्रकाश ओळखणारा एक चिमुकला काचेचा डोळा बसवायचा. बाजूला सांडलेला प्रकाश बघून तो ड्रायव्हरच्या बोर्डाला सांगतो की कमी पडतंय, आणि बोर्ड वीज वाढवतो. आणि तिसरी गोष्ट म्हणजे हद्द. पहारेकरी कितीही ओरडला तरी इतकीच वीज, याच्यापुढं नाही. त्याला दोन पार्ट लागतात, एक रेझिस्टर आणि एक ट्रान्झिस्टर. दोन्ही मोहरीएवढे.

आता माझी थाप ऐका.

कोल्हापुरात महिन्यातून एकदा आम्हा हौशी इलेक्ट्रॉनिकवाल्यांची बैठक भरे. चहा, भजी आणि एकमेकांच्या सर्किटची खिल्ली. तिथं इंगवले नावाच्या एका प्राध्यापकांनी आपला लेसर ड्रायव्हर दाखवला. जेवणाच्या डब्याएवढा, वर पंखा.

"सर, यात भाजी कुठल्या कप्प्यात ठेवायची?" मी विचारलं. लोक हसले.

"तुमचा केवढा आहे जयसिंगराव?"

"आगपेटीत बसतो."

माझा कुठलाच नव्हता. नुसते डायोड होते.

"आणा की मग पुढच्या महिन्यात," इंगवले म्हणाले. "काड्यांसकट आणा."

लोक आधी वस्तू बनवतात, मग तिच्याबद्दल थापा मारतात. मी आधी थाप मारली आणि मग वस्तू कापून थापेच्या मापात बसवली. महिनाभर खपलो. पार्ट दोन्ही बाजूंना लावले, तांब्याच्या रेघा केसाएवढ्या केल्या, पंख्याऐवजी मागं पितळेची पट्टी लावली. शेवटच्या रविवारी सगळं बसलं, फक्त दोन पार्टांना जागा उरली नाही. तेच दोन. हद्दीचे.

ते मी काढले.

चाचणी घेताना माझं बोट चुकून त्या काचेच्या डोळ्यावर गेलं. पहारेकऱ्याला वाटलं अंधार झाला, बोर्डानं वीज ओतली. लेसर तिप्पट भडकला, समोरच्या विटेला काळं भोक पडलं, आणि तीन सेकंदांनी डायोड मेला. मी मेलेला डायोड कचऱ्यात टाकला, नवा लावला, आणि स्वतःला म्हणालो, यंत्राच्या डोळ्यात बोट घालायला कोण जातंय?

पुढच्या बैठकीत आगपेटी उघडली. इंगवले उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. बोर्डाचं नाव मी अक्का ठेवलं, आराखडा सगळ्यांसाठी फुकट खुला केला. खर्च म्हणाल तर दोन प्लेट भज्यांइतका. वर्षभरात हुपरीच काय, रेंदाळ, पट्टणकोडोली, पार राजकोट आणि आग्र्यापर्यंत अक्का पोचली. बायकांच्या फुंकण्या माळ्यावर गेल्या. अक्काचा खोकला निम्मा झाला. तिनं माझ्या तोंडात पेढा कोंबला आणि म्हणाली, "आयुष्यात एक काम खरं केलास बघ."

अडतीस साली खंडेनवमी आली.

त्या दिवशी आमच्याकडं हत्यारांना विश्रांती. हातोडी, चिमटे, ऐरण, तराजू, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडायचं, झेंडूची फुलं, हळदकुंकू. यंदा पाटावर लेसरचं यंत्रही होतं, आणि अक्कानं त्याला मानानं मधोमध ठेवलं. यंत्राला कपाळ कुठं असतं? तिला लेसरच्या तोंडावर तो काचेचा ठिपका दिसला. तिनं हळदीचं बोट तिथं टेकवलं, वर कुंकू. मी असतो तरी तिथंच टेकवलं असतं.

हळद पिवळी का दिसते? ती निळा प्रकाश खाऊन टाकते म्हणून. आणि आमचा लेसर निळा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दाजींनी यंत्र चालू केलं. डोळ्यांवर रोजचा गडद चष्मा होता. पण तो रोजच्या प्रकाशाचा चष्मा, तिपटीचा नव्हे. किरण पैंजणाच्या झिलईवर आपटून उलटा आला. दाजी ओरडलेसुद्धा नाहीत. "शालू, दिवे गेले काय गं?" एवढंच म्हणाले.

दृष्टी अगदीच गेली नाही. चांगल्या डोळ्याच्या मध्यभागी रुपयाएवढा काळा ठिपका उरला. जिकडं सरळ बघावं तेच दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं. तेव्हापासून दाजी माणसाकडं कोंबड्यासारखी मान तिरकी करून बघतात. कड्या ओवणं संपलं.

दवाखान्यातून मी थेट घरी गेलो आणि जळलेला बोर्ड भिंगाखाली धरला. काचेवर वाळलेली हळद दिसली. मला काय वाटलं ते लिहायला आज हात धजत नाही, तरी लिहितो. मला सुटल्यासारखं वाटलं.

चौकशीला सरकारची तीन माणसं आली. मी त्यांना भिंगातून हळद दाखवली, हळद निळा प्रकाश कशी खाते ते दाखवलं. एकही शब्द खोटा नव्हता. दोन पार्टांचं त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. अहवालात आलं की यंत्राच्या काचेला हळदकुंकू लावू नये. आणि हे गावोगाव समजावायला त्यांना माणूस हवा होता. बोलणारा. तो मी.

मी भाषणं ठोकत फिरलो. भाषणाचं नावही मीच काढलं, 'श्रद्धा आणि फोटोडायोड'. फोटोडायोड म्हणजे तोच काचेचा डोळा. लोक पोट धरून हसत. "पूजा करा, पण यंत्राच्या डोळ्यात हळद घालू नका. माझ्या सख्ख्या बहिणीनं घातली," असं म्हणून मी जरा थांबत असे. हुपरीतल्या भाषणाला अक्का पहिल्या रांगेत बसली होती. लोक हसले तेव्हा तिनं पदर नीट केला.

त्यानंतर तिनं कुणालाही हळदकुंकू लावलं नाही. दारात सवाष्ण आली तर करंडा सुनेच्या हातात देई. "माझ्या हाताचं नको," म्हणे. तिच्या लाडक्या नातीचं लग्न झालं, पोरीला हळद लागली, सगळ्या बायका वाटी घेऊन उभ्या राहिल्या आणि अक्का मागं भांडी घासत बसली. नात रडत आत आली, तिचा हात ओढू लागली. अक्का म्हणाली, "ह्या हातानं एकाचं बघणं गेलंय. तुझं चांगलं व्हायचं हाय."

हे मी दारातून ऐकलं. आणि बाहेर जाऊन पंगतीत वाढायला लागलो.

असं दोन वर्षं चाललं. मग रेंदाळची मिसबा शिकलगार माझ्याकडं आली. तिशीतली बाई, घरी पैंजणांना पॉलिश करायचा धंदा, जोडीला झाळकाम. तिची एक भुवई पार जळून गेली होती.

"काका, लेसर भडकला आणि बंद पडला. नशीब, मी तवा गॅसवरच्या दुधाकडं बघालते."

"हळद?" मी सवयीनं म्हणालो.

"आमच्यात मशीनला हळद लावत न्हाईत काका."

मी बोर्ड भिंगाखाली धरला. काचेवर पॉलिशची लाल पूड बसली होती. लालही निळा खातो.

"त्याचं असं आहे मिसबा..." मी सुरुवात केली. आयुष्यभर 'त्याचं असं आहे' या तीन शब्दांनंतर माझ्या तोंडात आपोआप काहीतरी येत आलंय. त्या दिवशी आलं नाही. ती मान कलती करून वाट बघत राहिली.

"पुसत जा," मी म्हणालो.

"रोज पुसत्ये की. काल विसरले." ती जराही न चिडता म्हणाली, "एक दिवस विसरलं तर डोळा जातोय. असलं कसं वो यंत्र, काका?"

ती गेली, आणि मी तसाच अक्काकडं गेलो. ती बाहेरच्या सोप्यात घेवडा निवडत होती. दाजी खुर्चीत बसून रेडिओ ऐकत होते.

"अक्का, दाजींचं जे झालं ते हळदीमुळं नाही."

"बरं."

"माझ्या बोर्डात दोन पार्ट कमी होते. ते असते तर लेसर जरा वर जाऊन थांबला असता. दाजींना काही झालं नसतं."

"बरं."

"ऐकालीस काय तू?"

"ऐकाल्ये की." तिनं शेंगेची शीर काढली. "मी आईची लोणच्याची बरणी फोडली तवा तू सांगितलास, माकड आलतं. बाबांनी विचारलं, कुठाय माकड, तर राखेत बोटं बुडवून माकडाचे पाय काढलास भिंतीवर. माझा मार चुकवलास." मग ती हसली, दोन वर्षांत पहिल्यांदा. "तुझं मन मोठं हाय जया. पण आता ह्या वयात माकडं नको आणू."

तिनं मला मारलं असतं तर मी खाल्लं असतं. हे मला खाता येईना.

दुसऱ्या दिवशी मी दोन बोर्ड घेऊन गेलो. एक होता तसा. दुसरा थोडा लांब केलेला, त्यात ते दोन पार्ट झाळलेले. दोघांचे लेसर विटांच्या खोक्यात तोंड करून ठेवले, वर झाकण, बाहेर प्रकाश मोजणारा काटा. दोन्हींचा काचेचा डोळा मी वायरीवर खोक्याबाहेर आणला होता, आणि लेसरचा थोडा प्रकाश बारीक काचतंतूतून त्याच्यावर पाडला होता. म्हटलं, "अक्का, हळद लाव."

"मी न्हाई."

"लाव गं," खुर्चीतून दाजी म्हणाले. "त्याचं समाधान होऊ दे."

तिनं मिसळणाच्या डब्यातली हळद पाण्यात कालवली. बोट काचेजवळ नेलं आणि तिथंच थांबली. मग टेकवलं. लांब बोर्डाचा काटा जरासा वर चढला आणि उभा राहिला. आम्ही तिघं त्याच्याकडं बघत बसलो. मिनिट झालं, दोन झाली. काटा हलला नाही.

मग दुसरा बोर्ड. बोट टेकताच काटा टोकाला जाऊन आपटला. खोक्यातून विटेचा जळका वास आला. मी मनात मोजत होतो. तिसऱ्या सेकंदाला काटा शून्यावर पडला.

अक्कानं हात पदराला पुसला. पुसतच राहिली.

"हे तुला कवा कळलं?"

थाप मारायची ही शेवटची जागा होती. काल कळलं, म्हणालो असतो तर तिनं विश्वास ठेवला असता.

"बोर्ड बनवला तवाच. माझ्याच हातनं झालं होतं एकदा."

"मग काढलास कशाला?"

"आगपेटीत बसत नव्हता."

दाजींनी रेडिओ बंद केला. "कसले पार्ट? दाखीव." मी तसलेच दोन सुटे पार्ट अक्काच्या तळहातावर ठेवले. तिनं हात त्यांच्या कडेला धरला, त्यांना जिथून दिसतं तिथं. त्यांनी मान इकडं तिरकी केली, तिकडं केली.

"कुठायत?"

अक्कानं त्यांचं बोट धरून तळहातावर ठेवलं. ते चाचपत राहिले. "एवढे बारीक," म्हणाले. मग त्यांनी तोंड सरळ माझ्याकडं वळवलं. माणूस दिसावा म्हणून ते नेहमी तिरकं बघत. आता सरळ बघत होते, मी दिसू नये म्हणून.

मग अक्का म्हणाली, "असले बोर्ड बाहेर किती असतील?"

"दोनतीन लाख. नक्की सांगता यायचं नाही."

"मग हितं काय बसलायस?"

मी आराखडा बदलला. हौशी लोकांच्या सगळ्या मंडळांना लिहिलं, चौकशीवाल्यांना लिहिलं, ज्या गावांत भाषणं दिली तिथं परत गेलो. कुठं शिव्या मिळाल्या, त्या चालल्या. कुठं लोक म्हणाले, जयसिंगरावांनी नवी थाप काढली, ते मात्र चाललं नाही, कारण तिथले बोर्ड तसेच राहिले. बाहेरच्यांत मिसबाला मी सगळ्यांत आधी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि शेजारच्या अकरा घरांतले बोर्ड पोत्यात भरून आणून दिले. माझ्याशी बोलली नाही.

जुन्या बोर्डाच्या पाठीवर दोन पार्ट चिकटवून झाळता येतात. पण माझा हात आता कापतो. मोहरी तिसरीकडंच बसते. एक दिवस मी सोप्यात तसाच धडपडत होतो तेव्हा अक्का उठली, माझ्या हातातून झाळायची सळई काढून घेतली आणि पाटावर बसली. चाळीस वर्षं झाळकाम केलेला हात. दोन टिचक्यांत काम झालं.

तेव्हापासून रोज सकाळी आम्ही दोघं सोप्यात बसतो. लोक बोर्ड घेऊन येतात. अक्काचा एकच नियम आहे. आधी मी समोरच्या माणसाला सांगायचं की हे पार्ट का लावावे लागताहेत. मगच ती सळई उचलते. "सांग," म्हणते. दिवसभरात माझ्याशी तेवढाच एक शब्द. दाजी आतल्या खोलीत असतात. आजवर चारशेच्या वर माणसांना सांगितलं. सोपं होईल असं वाटलं होतं. झालं ते भलतंच.

गेल्या आठवड्यात इचलकरंजीहून पाचसहा जण गाडी करून आले. मी सांगायला लागलो. सांगता सांगता इंगवल्यांचा डबा आला, भजी आली. प्राध्यापकांना मिशी नाही, ती मी लावली. पंख्याच्या वाऱ्यानं ती कशी उडत होती ते हातानं करून दाखवलं. विटेला पडलेल्या भोकातून शेजाऱ्याच्या घरातला सत्यनारायण दिसत होता, असंही म्हणालो. लोक हसायला लागले. एकानं टाळी दिली. मला बरं वाटलं. फार दिवसांनी तसं बरं वाटलं.

अक्कानं तापलेली सळई खाली ठेवली.

लोकांचं हसू हळूहळू थांबलं. कुणाला काय झालं ते कळेना. आतल्या खोलीत खुर्ची करकरली.

"परत सांग," अक्का म्हणाली. "नुसतं."

मी खाली बघितलं. "बोर्ड लहान करायला मी दोन पार्ट काढले," मी म्हणालो. "त्यांच्याशिवाय माणसाचा डोळा जाऊ शकतो, हे मला माहीत होतं. माझ्या दाजींचा गेला. तेव्हा मी ते माझ्या बहिणीवर ढकललं."

ज्यानं टाळी दिली होती त्यानं हात खिशात घातला.

अक्कानं सळई उचलली आणि पहिला बोर्ड पुढं ओढला.